फिजीच्या मॅक्रोमध्ये डायलॉग बनवताना युजरला नेमकं काय विचारायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. फिजीमध्ये (इमेजजे या फोटो मोजण्याच्या सॉफ्टवेअरची प्लगिनसकट येणारी आवृत्ती) डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाने रंगवलेले न्यूक्लिअस, म्हणजे पेशींची केंद्रकं, मोजायचा मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या कमांड्सची छोटी स्क्रिप्ट) लिहिलाय, सुरुवातीला डायलॉग येतो त्यात १४ रकाने आहेत, लॅबमधला प्रत्येकजण वेगळं काहीतरी भरतो, एकाच फोल्डरचे दोघांचे आकडे जुळत नाहीत, मध्यंतरी एक रकाना वाढवल्यापासून सिग्मा (फोटो किती धूसर करायचा तो आकडा) आणि मिनिमम साईझ (याहून लहान वस्तू मोजायची नाही ती मर्यादा) एकमेकांच्या जागी जातायत असा संशय आहे, आणि आता विचारताय की डायलॉग डॉट क्रिएट (रकान्यांची खिडकी एकेक कमांडने बनवायची पद्धत) सोडून #@ वाल्या स्क्रिप्ट पॅरामीटर्सकडे (स्क्रिप्टमधल्या #@ ओळींवरून तीच खिडकी आपोआप बनते ती पद्धत) जावं का. (कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितेय, हेल्प मेनूतल्या मॅक्रो फंक्शन्सच्या यादीत लगेच सापडतील.)

#@ कडे जावं का याचं उत्तर पुढे देते, पण नुसतं तेवढं केलंत तर रकान्यांची अदलाबदल थांबेल आणि आकडे न जुळणं तसंच राहील. कारण खरी अडचण तुम्ही डायलॉग कशाने बनवलाय ही नाहीये, त्यात काय विचारलंय ही आहे. तुमच्या १४ रकान्यांपैकी बहुतेक प्रश्नांची उत्तरं समोर बसलेल्या माणसाकडे नाहीतच. गॉशियन ब्लरचा सिग्मा किती, रोलिंग बॉलची (पार्श्वभूमी काढून टाकायच्या पद्धतीची) त्रिज्या किती पिक्सेल, मिनिमम साईझ किती, सर्क्युलॅरिटी (वस्तू किती गोल) कितीपासून कितीपर्यंत, हे जिने पेशी वाढवल्या, स्टेनिंग केलं, रात्री मायक्रोस्कोपवर बसून फोटो काढले तिला कुठून माहीत असणार? मग ती काय करते, जे आधीच भरलेलं आहे ते तसंच ठेवते नाहीतर शेजारच्याला विचारून काहीतरी टाकते. डॉक्टर पेशंटला किती मिलिग्रॅम देऊ असं विचारत नाहीत, कुठं दुखतंय आणि कधीपासून ते विचारतात, डोस ते स्वतः ठरवतात. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याचं कामही तेच आहे.

तर बसून आधी एक यादी करा की या माणसाला काय काय खात्रीने माहीत असतं. फोल्डर कुठला. न्यूक्लिअसचा चॅनल कितवा. न्यूक्लिअस साधारण केवढा, म्हणजे फोटोवर लाईन टूलने ओढून मोजला तर किती मायक्रॉन. पेशी विरळ आहेत की एकमेकींना चिकटलेल्या. आउटपुट कुठे ठेवायचं. बास. पाच प्रश्न. बाकीचे जवळजवळ सगळे आकडे या पाचातून काढता येतात आणि ते काढायची जबाबदारी तुमच्या मॅक्रोची.

उदाहरण घेऊ. समजा कॅमेऱ्याचा पिक्सेल ६.५ मायक्रॉनचा आहे (बऱ्याच सीमॉस कॅमेऱ्यांचा तेवढा असतो) आणि ऑब्जेक्टिव्ह २० एक्स, मधे दुसरं काही वाढवणारं भिंग नाही, बिनिंग (शेजारचे पिक्सेल एकत्र करणं) नाही, तर फोटोतला एक पिक्सेल म्हणजे ६.५ भागिले २०, म्हणजे ०.३२५ मायक्रॉन. १० मायक्रॉन व्यासाचा न्यूक्लिअस मग साधारण ३१ पिक्सेल रुंद दिसणार, आणि त्याचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस मायक्रॉन, म्हणजे सुमारे ७४३ पिक्सेल. आता तोच न्यूक्लिअस ४० एक्सवर बघा. पिक्सेल ०.१६२५ मायक्रॉनचा झाला, न्यूक्लिअस ६२ पिक्सेल रुंद आणि क्षेत्रफळ तीन हजार पिक्सेलच्या आसपास. तुमच्या डायलॉगमध्ये मिनिमम साईझला २०० हा डिफॉल्ट आहे, पिक्सेलमध्ये. २० एक्सला त्याचा अर्थ झाला २१ चौरस मायक्रॉन, जो ठीकठाक आहे, न्यूक्लिअसच्या पाव भागाएवढा. ४० एक्सला तेच २०० म्हणजे जेमतेम ५ चौरस मायक्रॉन, म्हणजे डेब्री, तुटके तुकडे, डाग सगळं न्यूक्लिअस म्हणून मोजलं जाणार. एकीने २० एक्सचे फोटो दिले असतील आणि दुसरीने ४० एक्सचे, आणि दोघींनी प्रामाणिकपणे डिफॉल्ट तसाच ठेवला असेल, तर एकाच स्लाईडचे आकडे जुळणारच नाहीत, आणि यात दोघींपैकी कुणाचीच चूक नाही.

म्हणून आकारासाठी एकच रकाना ठेवा, न्यूक्लिअसचा अंदाजे व्यास, मायक्रॉनमध्ये. त्यावरून मिनिमम क्षेत्रफळ काढा, मी साधारणपणे अर्ध्या व्यासाच्या वर्तुळाचं घेते म्हणजे पूर्ण क्षेत्रफळाचा पाव भाग होतो. सिग्मा व्यासाच्या दहाव्या भागाएवढा. रोलिंग बॉलची त्रिज्या निदान सगळ्यात मोठ्या वस्तूच्या त्रिज्येएवढी तरी हवीच, नाहीतर तो न्यूक्लिअसच खाऊन टाकतो, म्हणून मी ती सरळ पूर्ण व्यासाएवढी धरते. हे गुणोत्तर पवित्र काही नाही, तुमच्या पेशींवर तपासून बदला, पण बदल मॅक्रोच्या आत एका जागी करा, दर वेळी युजरला करायला लावू नका.

एकक कुठे कुठलं लागतं हे इथे नीट बघून घ्या कारण इमेजजेमध्ये सगळीकडे सारखं नाहीये. ॲनालाइझ पार्टिकल्सला दिलेली साईझ ही कॅलिब्रेट केलेल्या एककात (फोटोत एक पिक्सेल किती मायक्रॉनचा ते नोंदलेलं असेल तर मायक्रॉनच्या हिशोबात) धरली जाते, पिक्सेल युनिट्सची खूण केली असेल तरच पिक्सेलमध्ये. सबट्रॅक्ट बॅकग्राउंडची त्रिज्या मात्र पिक्सेलमध्ये. गॉशियन ब्लरचा सिग्मा एरवी पिक्सेलमध्ये, आणि स्केल्ड युनिट्सला टिक केली तर मायक्रॉनमध्ये. तेव्हा व्यास मायक्रॉनमध्ये घ्या, गेटपिक्सेलसाईझने पिक्सेलची रुंदी मिळवा, आणि जिथे पिक्सेल लागतात तिथे स्वतः भागाकार करून द्या. ॲडनंबरला पाच आर्ग्युमेंट्स देता येतात, शेवटचं एककासाठी असतं, ते रकान्याच्या उजवीकडे छापलं जातं. ते कधीच रिकामं सोडू नका. नुसतं साईझ लिहिलेला रकाना दिसला की दहा जण दहा अर्थ लावणार.

पण हे सगळं कॅलिब्रेशनवर उभं आहे आणि कॅलिब्रेशनवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही. मायक्रोस्कोपच्या मूळ फाईल बायो-फॉरमॅट्स या प्लगिनने उघडल्या तर आकडा बहुतेक वेळा बरोबर येतो. मधे कुणी ती फाईल दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून टिफ किंवा जेपेग करून आणली असेल तर एकक पिक्सेल येईल, किंवा डीपीआय बघून इंच येईल, आणि इंचात मोजलेल्या न्यूक्लिअसवर तुमचा मॅक्रो काही न बोलता शून्य वस्तू सापडल्या म्हणून सांगेल. वर सेट स्केलमध्ये ग्लोबलला कुणी टिक करून गेलं असेल तर त्या सेशनमध्ये पुढे उघडलेल्या प्रत्येक फोटोला तेच स्केल लागतं, हा प्रकार सामायिक कॉम्प्युटरवर फार बघायला मिळतो. त्यामुळे मॅक्रोने एकक आधी वाचायचं. मायक्रॉन, मायक्रॉन्स, यूएम, म्यू चिन्ह लावलेलं, ही सगळी रूपं चालवून घ्यायची, आणि यातलं काहीच नसेल तर, आणि तरच, एक जादा रकाना दाखवायचा की बाबा या फोटोत पिक्सेलचं माप नाहीये, एक पिक्सेल किती मायक्रॉनचा ते सांगा. तिथेच ॲडमेसेजने दोन ओळी लिहा की हे माप कॅमेऱ्याच्या पिक्सेलला ऑब्जेक्टिव्हने भागून येतं आणि २ बाय २ बिनिंग असेल तर दुप्पट होतं. ज्यांचे फोटो व्यवस्थित आहेत त्यांना हा रकाना दिसायलाच नको.

आता तुमच्या अदलाबदलीकडे येते. संशय बरोबर आहे तुमचा. डायलॉग डॉट गेटनंबर कुठल्या रकान्याचा आकडा पाहिजे ते विचारत नाही, तो फक्त पुढचा आकडा देतो. आणि हा क्रम प्रकारानुसार वेगळा चालतो, म्हणजे आकड्यांची रांग वेगळी, चॉइसची वेगळी, चेकबॉक्सची वेगळी, स्ट्रिंगची वेगळी. स्लायडर दिसायला वेगळा असला तरी तो आकड्यांच्याच रांगेत असतो, गेटनंबरनेच वाचायचा. फोल्डरचा रकाना ॲडडिरेक्टरीने टाकलात तर तो स्ट्रिंगच्या रांगेत. तुम्ही नवा ॲडनंबर मधे घुसवला आणि त्याचा गेटनंबर शेवटी लिहिला, झालं, तिथून खालचे सगळे आकडे एकेक घर सरकले. दोन्ही बाजूला आकडेच असल्यामुळे एरर येत नाही, मॅक्रो सुखरूप चालतो, फक्त निकाल चुकीचा. हे सापडायला अवघड असतं कारण डायलॉगवर सगळं बरोबर दिसतं!

यावर उपाय साधा आहे. डायलॉग डॉट शोच्या लगेच खाली, दुसरं काहीही करायच्या आधी, सगळे गेट एकाखाली एक लिहा, ॲड ज्या क्रमाने आहेत अगदी त्याच क्रमाने, व्हेरिएबलचं नाव आणि लेबल जुळेल असं ठेवून. कुठेतरी खाली लूपच्या आत किंवा इफच्या आत गेटनंबर असेल तर तो आजच्या आज वर आणा. इफमध्ये असलेला गेट तर खासच वाईट, अट खोटी ठरली की तो आकडा वाचलाच जात नाही आणि पुढचा वाचणारा त्याचा आकडा घेऊन जातो. मग सगळे वाचून झाले की लॉगमध्ये नावासकट छापा. प्रत्येक रकान्यात वेगळा, ओळखू येईल असा आकडा टाकून (११, २२, ३३ असे) एकदा चालवून बघा, लॉगमध्ये कुठला कुठे गेला ते स्वच्छ दिसेल.

आणि हो, इथेच #@ चा खरा फायदा आहे. तिथे प्रत्येक पॅरामीटर एका ओळीत असतो, प्रकार, लेबल, डिफॉल्ट, किमान, कमाल आणि व्हेरिएबलचं नाव सगळं त्याच ओळीत, त्यामुळे रांग नाही आणि घसरणंही नाही. किमान आणि कमाल दिलं की स्पिनर त्याच्या बाहेर जाऊ देत नाही, ॲडनंबरमध्ये ही सोय नाही, तिथे तपासणी तुम्हालाच लिहावी लागते. शिवाय तोच मॅक्रो स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर हेडलेस चालवता येतो, पॅरामीटर्स कमांड लाईनवरून द्यायचे, डायलॉग येतच नाही. तुमच्या इन्स्टिट्यूटमध्ये क्लस्टर असेल आणि उद्या हजारो फोटो तिकडे टाकायचे असतील तर एवढ्या एका कारणासाठी सुद्धा #@ घ्या.

तोटेही सांगते, कारण ते आधी माहीत नसले की डोकं धरायची वेळ येते. पहिलं म्हणजे #@ फिजी आणि इमेजजे २ मध्ये चालतं, साध्या जुन्या इमेजजेवर काम करणाऱ्याला तुम्ही मॅक्रो पाठवलात तर त्याच्याकडे डायलॉगच येणार नाही. दुसरं, तो डायलॉग स्क्रिप्टची पहिली ओळ चालायच्या आधी येतो, त्यामुळे फोटो उघडून त्यात किती चॅनल आहेत ते बघून यादी बनवावी असं त्यात जमत नाही. तिसरं आणि सगळ्यात जास्त गोंधळ घालणारं म्हणजे पर्सिस्ट. #@ मागच्या वेळी भरलेली उत्तरं आपोआप लक्षात ठेवतं, फिजी बंद करून चालू केलं तरी, आणि पुढच्या वेळी तुमच्या डिफॉल्टच्या जागी तीच दाखवतं. तुम्ही स्क्रिप्टमध्ये डिफॉल्ट १० वरून १२ केलात तरी युजरला १० च दिसत राहतं आणि तुम्हाला वाटतं स्क्रिप्ट सेव्हच झाली नाही. सामायिक कॉम्प्युटरवर सकाळी एकाने भरलेला आकडा दुपारी दुसऱ्याच्या प्रयोगाला लागतो.

माझं मत असं आहे की फोल्डरसारखी गोष्ट लक्षात राहिलेली चांगली, रोज रोज तेच फोल्डर शोधत बसायला नको. पण ज्याने मोजमाप बदलतं अशा प्रत्येक पॅरामीटरला पर्सिस्ट बंद करा. व्यास दर वेळी समोर कोऱ्या डिफॉल्टसह यावा आणि माणसाने तो बघून होकार द्यावा. डायलॉग डॉट क्रिएटचं उलट आहे, ते आपणहून काहीच लक्षात ठेवत नाही. तिथे फोल्डर लक्षात ठेवायचं तर कॉल फंक्शनने इमेजजेच्या प्रेफ्समध्ये ठेवायचं आणि पुढच्या वेळी काढायचं, फक्त काढताना ते स्ट्रिंग म्हणून मिळतं, आकडा असेल तर पार्सफ्लोट करून घ्या.

तुमच्यासाठी मी सुचवेन की दोन्ही मिळून वापरा. इनपुट फोल्डर, आउटपुट फोल्डर आणि व्यास #@ ने घ्या. मग फोल्डरमधला पहिला फोटो उघडा, गेटडायमेन्शन्सने चॅनल मोजा, एकक तपासा, आणि चॅनलचा प्रश्न छोट्या दुसऱ्या डायलॉगमध्ये विचारा, जितके चॅनल खरोखर आहेत तेवढ्याच पर्यायांची यादी देऊन. दोनच चॅनल असलेल्या फोटोत कुणी तिसरा निवडूच शकणार नाही, म्हणजे ती चूक तपासायचा कोडही लिहावा लागत नाही. क्लस्टरवर चालवायचं असेल तर हा दुसरा डायलॉग आडवा येईल, तेव्हा चॅनलही #@ मध्ये पूर्णांक म्हणून घ्या आणि प्रत्येक फोटोवर तपासा. फोल्डरच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, गेटडिरेक्टरीने मिळालेल्या पाथच्या शेवटी स्लॅश असतो आणि #@ फाईलने मिळालेल्याच्या शेवटी नसतो. जोडायच्या आधी शेवटचं अक्षर बघून नसेल तर फाईल डॉट सेपरेटर लावा, नाहीतर फाईली एक फोल्डर वर, विचित्र नावाने जाऊन बसतात. पाथमध्ये स्पेस असेल तर रन कमांडच्या ऑप्शन्समध्ये तो चौकोनी कंसात द्यावा लागतो, हेही.

थ्रेशोल्डबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे प्रश्न सोयीचा नाही, विज्ञानाचा आहे. तुमच्या डायलॉगमध्ये ऑटो थ्रेशोल्डच्या (किती उजळ पिक्सेल न्यूक्लिअस धरायचा ती मर्यादा आपोआप ठरवायच्या) सगळ्या पद्धतींची यादी आहे, हुआंग, ली, ओत्सू, ट्रायँगल, येन वगैरे डझनभराहून जास्त. यादी हाताने टाईप केली असेल तर ती काढून गेटलिस्टला थ्रेशोल्ड मेथड्स मागा, स्पेलिंगची चूक राहणार नाही. पण मुळात एवढी यादी युजरला द्यावीच का? ज्याला जास्त पेशी दिसायला हव्यात तो एकेक पद्धत बदलून बघत जातो आणि मनासारखा आकडा आला की थांबतो, मुद्दाम नाही, नकळत होतं हे. तुम्ही तुमच्या लॅबच्या फोटोंवर, हाताने मोजलेल्या थोड्या फोटोंशी ताडून, एक पद्धत ठरवा आणि ती मॅक्रोत बसवा. फार तर दोन पर्याय द्या, आणि त्यांना पद्धतीची नावं देण्याऐवजी पेशी विरळ, पेशी दाट अशी परिस्थितीची नावं द्या, म्हणजे माणूस निकालाकडे बघून निवडणार नाही, फोटोकडे बघून निवडेल. आणि एकदा निवडलेला पर्याय पूर्ण फोल्डरला लागू झाला पाहिजे, कंट्रोल आणि ट्रीटेड दोघांनाही. प्रत्येक फोटोला थांबून थ्रेशोल्ड विचारणारा मॅक्रो मी कुणालाही सुचवत नाही, त्यातून येणारा फरक पेशींचा की विचारणाऱ्याच्या हाताचा हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

मग युजरला बघायला काहीच मिळणार नाही का, तर मिळायला हवं. जावामध्ये प्लगिन लिहिलं तर प्रीव्ह्यूचा चेकबॉक्स देता येतो, मॅक्रोत तो थेट नाही, पण एक सोपा मार्ग आहे. पहिल्या फोटोची डुप्लिकेट घ्या, भरलेल्या व्यासावर पूर्ण सेगमेंटेशन (न्यूक्लिअस पार्श्वभूमीपासून वेगळे काढणं) करा, सापडलेल्या बाह्यरेषा मूळ फोटोवर ओव्हरले म्हणून दाखवा, आणि गेटबूलियनने विचारा की न्यूक्लिअस बरोबर पकडले गेलेत का. नाही म्हटलं तर डायलॉग परत दाखवा, आधी भरलेले आकडे तसेच ठेवून. हे सगळं एका डू-व्हाईल लूपमध्ये बसतं. आकडा दाखवू नका, फक्त रेषा दाखवा. वेटफॉरयूजर वापरायचं असेल, म्हणजे माणसाने रीजन काढायचा आहे आणि मग ओके करायचं आहे, तर त्या वेळी बॅच मोड (फोटो पडद्यावर न दाखवता काम करणं) चालू नको, नाहीतर फोटो पडद्यावर नसतो आणि माणूस रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसतो. बॅच मोड डायलॉग आणि प्रीव्ह्यू संपल्यावर चालू करा.

आकड्याच्या रकान्यात कुणी अक्षरं टाकली तर गेटनंबर नॅन (हा आकडा नाही अशी खूण) देतो, आणि नॅन घेऊन मॅक्रो पुढे गेला की कुठे फुटेल सांगता येत नाही. इजनॅनने तपासा. जर्मनी, फ्रान्सकडच्या कुणाला मॅक्रो देणार असाल तर दशांशासाठी स्वल्पविराम टाकायची त्यांची सवय असते, १,५ असं, ते इथे आकडा म्हणून वाचलं जात नाही, मेसेजमध्ये एक ओळ लिहून ठेवा. आणि चूक सापडली की लगेच एक्झिट करून सगळं बंद करू नका, तीच माहिती परत भरायला लावणं म्हणजे माणसाचा अंत बघणं. काय चुकलं ते लिहा आणि तोच डायलॉग परत द्या. मेसेजही असा हवा की वाचून करता येईल. चुकीचा व्यास असं लिहू नका, व्यास ३ ते ५० मायक्रॉनच्या दरम्यान हवा, तुम्ही ३०० भरलाय, तो पिक्सेलमध्ये मोजलाय का ते बघा, असं लिहा.

कॅन्सलबद्दल. मॅक्रो भाषेत डायलॉगवर कॅन्सल दाबलं की पूर्ण मॅक्रो तिथेच थांबतो, त्यासाठी काही लिहावं लागत नाही. म्हणून डायलॉगच्या आधी फोटोत बदल करणं, रिझल्ट्स टेबल पुसणं, आरओआय मॅनेजर (फोटोवर निवडलेल्या भागांची यादी) रिकामा करणं असलं काही करू नका, माणसाने कॅन्सल केलं म्हणजे त्याला काहीच व्हायला नको आहे. पुढे जायथॉनमध्ये (जावावर चालणारं पायथन) लिहायला लागलात आणि जेनेरिकडायलॉग (इमेजजेच्या आतला मूळ डायलॉग) वापरलात तर मात्र वॉजकॅन्सल्ड स्वतः विचारावं लागतं. ते विसरलं तर कॅन्सल दाबूनही स्क्रिप्ट डिफॉल्ट आकड्यांवर धावत सुटते आणि फाईलीही लिहिते.

लेबलबद्दल एक तांत्रिक गोष्ट, जी बऱ्याच जणांना प्लगिन बनवेपर्यंत कळत नाही. जेनेरिकडायलॉगवाल्या प्लगिनमध्ये लेबलचा पहिला शब्द हीच मॅक्रो रेकॉर्डरची (केलेल्या कृती कमांड म्हणून लिहून घेणाऱ्या सोयीची) किल्ली असते. मिनिमम साईझ आणि मिनिमम सर्क्युलॅरिटी अशी दोन लेबलं ठेवलीत तर दोघांची किल्ली मिनिमम, रेकॉर्डर डुप्लिकेट कीवर्ड म्हणून तक्रार करतो. मधे स्पेसच्या जागी अंडरस्कोर टाकला की पूर्ण नाव एक शब्द धरलं जातं आणि डायलॉगवर तो अंडरस्कोर स्पेस म्हणूनच दिसतो. आतापासून सवय लावा. इथला हा जुनेपणा समजून घेण्यासारखा आहे, वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत १९९७ मध्ये इमेजजे सुरू केलं तेव्हाच्या जावाच्या खिडक्यांवर हा डायलॉग उभा आहे, आणि त्याने जुने मॅक्रो आजही चालतात ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यामुळेच रकाने जास्त झाले की खिडकी लॅपटॉपच्या स्क्रीनखाली जाते आणि ओकेचं बटणच दिसत नाही. तुमच्या १४ रकान्यांना छोट्या लॅपटॉपवर तेच होत असणार. कधीतरीच लागणारे पर्याय एका चेकबॉक्समागे ठेवा, ॲडव्हान्स्ड असा, टिक केली तरच दुसरा डायलॉग उघडेल.

आउटपुट फोल्डर इनपुटच्याच आत किंवा तेच असेल तर मॅक्रोने सरळ नकार द्यावा. पहिल्या वेळी मास्क (सापडलेल्या न्यूक्लिअसचे काळेपांढरे फोटो) तिथेच सेव्ह होतात, दुसऱ्या वेळी मॅक्रो त्या मास्कनाच फोटो समजून मोजतो आणि रिझल्ट्समध्ये भुतासारख्या जादा ओळी येतात. सुरुवात करायच्या आधी एक वाक्य दाखवा, या फोल्डरमध्ये इतके फोटो सापडले, पहिल्याचं नाव हे, पुढे जाऊ का. चुकीचं फोल्डर निवडलेलं तिथल्या तिथे कळतं.

जे विचारलं नाही तेही इनपुटच असतं, हे फार कमी जण लक्षात घेतात. ब्लॅक बॅकग्राउंडचं सेटिंग (पार्श्वभूमी काळी धरायची की पांढरी), सेट मेजरमेंट्समध्ये कशाकशाला टिक आहे, ग्लोबल स्केल, हे सगळं त्या कॉम्प्युटरवर आधी काम करून गेलेल्या माणसाने ठेवलेलं असतं आणि तुमच्या मॅक्रोचा निकाल बदलतं. डायलॉग कितीही चांगला केलात तरी हे मोकळं राहिलं तर दोन कॉम्प्युटरवर दोन उत्तरं येतील. सेटऑप्शनने ब्लॅक बॅकग्राउंड स्वतः ठरवा, सेट मेजरमेंट्स मॅक्रोतूनच चालवा.

आणि डायलॉगमध्ये भरलेलं प्रत्येक उत्तर, त्यातून काढलेला प्रत्येक आकडा, पिक्सेलचं माप, थ्रेशोल्डची पद्धत, गेटव्हर्जनने मिळणारी इमेजजेची आवृत्ती, तुमच्या मॅक्रोची आवृत्ती आणि तारीख, हे सगळं आउटपुट फोल्डरमध्ये एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहाच. व्यास आणि पिक्सेलचं माप तर रिझल्ट्स टेबलमध्ये कॉलम म्हणूनही टाका, कारण सीएसव्ही एक्सेलमध्ये जाते, ईमेलने फिरते आणि टेक्स्ट फाईल मागे राहते. पेपर लिहिताना मेथड्समध्ये काय लिहायचं हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही, आणि रिव्ह्यूअर नेमकं तेच विचारतात.

आता हातात असलेल्या, न जुळणाऱ्या निकालांचं काय करायचं. ते सरासरी काढून वापरू नका. कुणी काय भरलं होतं याची नोंद नाही, त्यामुळे दुरुस्त करता येणार नाहीत, परत चालवावे लागतील. आधी मूळ फाईलींचं पिक्सेलचं माप तपासून घ्या, कुठले फोटो २० एक्सचे आणि कुठले ४० एक्सचे ते वेगळे करा, ज्यांचं एकक इंच किंवा पिक्सेल येतंय त्यांची मायक्रोस्कोपची मूळ फाईल मागून घ्या. मग नवीन पाच प्रश्नांचा मॅक्रो दोघींना वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर त्याच फोल्डरवर चालवायला द्या, काही न सांगता, आणि टेक्स्ट फाईली शेजारी शेजारी ठेवून बघा. व्यास एकीने ९ आणि दुसरीने ११ भरला असेल तर मोजणी किती बदलते ते तिथेच दिसेल. ती फारशी बदलत नसेल तर मॅक्रो बाकीच्यांना द्या. बरीच बदलत असेल तर व्यासही विचारू नका, त्या पेशींसाठी तो तुम्हीच ठरवून मॅक्रोत बसवा आणि डायलॉगवर चार प्रश्न ठेवा.